समोरचं लॉन काढून कमी पाण्याची बाग: रिबेटचा अर्ज कसा करायचा? (बे एरिया, एलए, वेगस, सगळ्यांनी लिहा)

रानजाई (सनीवेल)

नमस्कार मंडळी. आधी शोधून पाहिलं, बागकामाच्या धाग्यांवर सगळीकडे कढीपत्ता थंडीत का मरतो हीच चर्चा आहे, म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

आमच्या घरासमोर साधारण ९०० स्क्वेअर फुटांचं लॉन आहे. घर घेतलं तेव्हापासून आहे, त्यावर कोणी बसत नाही, मुलं मागच्या अंगणात नाहीतर पार्कात खेळतात, समोरच्या गवतावर पाय पडतो तो फक्त ते कापणाऱ्या माणसाचा. आणि उन्हाळ्यात पाण्याचं बिल आलं की नवरा ते फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवतो, बोलत काही नाही, नुसतं लावतो 😐

तर ते काढून दुष्काळात टिकणारी झाडं लावायचं ठरतंय. व्हॅली वॉटरचं (आमच्या काउंटीचं पाणीखातं) रिबेट असतं, म्हणजे लॉन काढून अशी बाग केली की ते काही पैसे परत देतात, एवढं माहितीय, साइटही वाचली, पण कोणी प्रत्यक्ष केलंय का? अर्ज आधी की काम आधी? कॉन्ट्रॅक्टर लागतोच का? एकाने पूर्ण कामाचे जे कोटेशन दिलं त्यात माझ्या चुलतभावाचं कोल्हापुरात लग्न झालं असतं, हॉलसकट. रिबेट त्यापुढे किती पुरतं? आणि सहा महिन्यांसाठी आई-बाबा येताहेत, त्यांचं काय म्हणणं पडेल ते वेगळंच.

निवांत_बाल्या (डब्लिन, कॅलिफोर्निया)

प्लास्टिकचं गवत टाक आणि मोकळी हो. पाणी नाही, कापणं नाही, बारा महिने हिरवं. धागा संपला.

मातीचे_पाय (सॅन होजे)

@बाल्या, धागा संपला नाही, कारण प्लास्टिकच्या गवताला रिबेट मिळत नाही 😄

@रानजाई, मी केलंय. समोरचं पूर्ण आणि नंतर बाजूची पट्टी. जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल: मंजुरी हातात येईपर्यंत गवताला हात लावायचा नाही. काढायचं नाही, झाकायचं नाही, स्प्रिंकलरची डोकी उपटायची नाहीत. ते लोक आधी येऊन (किंवा फोटोंवरून) बघतात की इथे खरंच गवत आहे आणि त्याला पाणी द्यायची सोय आहे. गवत गेलं की पुरावा गेला. आमच्या गल्लीत एकाने लाँग वीकेंडला भाऊ आला होता म्हणून उत्साहात अख्खं अंगण खणून काढलं आणि सोमवारी अर्ज भरला. नियम म्हणजे नियम, एक डॉलर मिळाला नाही.

क्रम असा. ऑनलाइन अर्ज, पाण्याचं बिल जोडायचं, सगळ्या बाजूंनी फोटो. मग प्री-इन्स्पेक्शन. आमच्याकडे बाई आल्या होत्या, चाक फिरवत लॉन मोजलं, स्प्रिंकलर चालू करून दाखवायला सांगितले. मी काढलेलं माप आणि त्यांचं माप यात फरक पडला कारण मी झाडाखालचा मातीचा गोल पण गवतात धरला होता, गवत नाही तिथले पैसे नाहीत, बरोबरच आहे. मग मंजुरीचं पत्र, त्यात काम पुरं करायची मुदत छापलेली असते, ती कॅलेंडरवर टाकून ठेवा. काम झालं की परत फोटो, पावत्या, शेवटची तपासणी, आणि मग चेक. चेकची घाई असेल तर विसरा, तो त्याच्या गतीने येतो.

दर मी केलं तेव्हा २ डॉलर प्रति स्क्वेअर फूट होता, घरगुतीला कमाल ३,००० डॉलर. काही शहरं आणि पाणी कंपन्या वरून आपली भर घालतात, त्यामुळे आपल्या झिपकोडला काय लागू आहे ते अर्जाच्या दिवशी परत बघा, हे आकडे बजेटप्रमाणे बदलतात. तुमचं ९०० असेल तर २ च्या दराने १,८०० डॉलर.

अटी मुख्य तीन. लावलेली झाडं पूर्ण वाढल्यावर निम्मी तरी जागा झाकली गेली पाहिजे आणि झाडं त्यांच्या मान्य यादीतली हवीत. उघड्या मातीवर ३ इंच मल्च, म्हणजे माती झाकणारा ढलप्यांसारखा थर. आणि वरून फवारणारे स्प्रिंकलर बंद, त्याजागी ड्रिप, म्हणजे ठिबक. सिमेंटचं अंगण करून त्यावर चार कुंड्या ठेवल्या तर ते लँडस्केप नाही, पाणी जमिनीत मुरलं पाहिजे.

कॉन्ट्रॅक्टर लागतोच असं नाही. मी स्वतः केलं. पाठ अजून बोलते.

पेठी_पुणेकर

एक मिनिट. गवत *उपटायला* सरकार पैसे देतं?? आमच्या सोसायटीत लॉनवर कोणी पाय ठेवला तर वॉचमन शिट्टी वाजवतो, आणि मे महिन्यात त्याच सोसायटीत टँकरची रांग. इकडे लॉनला एसटीपीचं (साफ केलेलं सांडपाणी) पाणी वापरतात म्हणे. म्हणे.

ढेकूळ (तासगाव)

धागा सहज उघडला आणि वाचतच बसलो. आम्ही द्राक्षवाले. आमच्याकडं ठिबकला अनुदान आहे, केंद्राचं ५५ टक्के अल्पभूधारकाला आणि ४५ इतरांना, त्यावर राज्य भर घालतं आणि ते ८० आणि ७५ पर्यंत जातं. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या पोर्टलवर, अर्ज. आणि तिथं पण हेच, आधी पूर्वसंमती, मग खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असलं की फाईल बाजूला पडली म्हणून समजा. आमच्यातले कैक जण दुकानदाराच्या नादाला लागून आधी नळ्या आणून बसलेत. म्हणजे कॅलिफोर्निया असो नाहीतर तासगाव, कागद आधी आणि कुदळ नंतर.

ठिबकबद्दल काही विचारायचं असलं तर विचारा, त्यात आमचा जन्म गेलाय.

एलएचा_बंड्या (वेस्ट व्हॅली)

आमच्याकडचं सांगतो, कारण साउदर्न कॅलिफोर्नियात गणित वेगळं आहे आणि लोक दोन्हीकडच्या अटी मिसळतात.

इकडे मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्टचं मूळ रिबेट २ डॉलर, त्यावर स्थानिक पाणीवाले घालतात. एलए शहरात डीडब्ल्यूपीचं (शहराचं पाणी-वीज खातं) धरून ५ डॉलर स्क्वेअर फुटाला, ५,००० स्क्वेअर फुटांपर्यंत. म्हणजे रानजाईंचं लॉन इकडे असतं तर साडेचार हजार. हेवा वाटून घेऊ नका, आमचं पाण्याचं बिल पण बघा.

इकडच्या अटी: दर १०० स्क्वेअर फुटांना तीन झाडं. पावसाचं पाणी अडवणारं काहीतरी एक, म्हणजे रेन बॅरल, नाहीतर गोट्यांचा कोरडा ओढा, नाहीतर मातीचा खोलगट चर. मल्च ३ इंच. स्प्रिंकलर बदलणं. मंजुरीनंतर १८० दिवस. गवत पिवळं पडलेलं असलं तरी चालतं, पण ते जागेवर हवं.

हे झाडांचं आणि ओढ्याचं कलम का आलं त्याला इतिहास आहे. २०१५ च्या १ एप्रिलला गव्हर्नर जेरी ब्राऊन सिएराच्या डोंगरात जिथे पाच फूट बर्फ असायला हवा तिथे कोरड्या गवतावर उभे राहिले आणि शहरांना २५ टक्के पाणीकपात जाहीर केली, ५ कोटी स्क्वेअर फूट लॉन काढायचं असंही त्या आदेशात होतं. मेट्रोपॉलिटनने मे महिन्यात लॉन रिबेटसाठी आणखी ३५ कोटी डॉलर ओतले आणि जुलैत पैसे संपले! दोन महिने!! तेव्हा "तुमचं रिबेट आम्हाला लिहून द्या, आम्ही फुकट बाग करून देतो" म्हणणारे गल्लोगल्ली फिरत होते. आमच्या कोपऱ्यावरच्या घरात तसं केलेलं, खडी पसरली, मधे चार काटक्या रोवल्या आणि पसार. दोन उन्हाळ्यांत काटक्या मेल्या, खडी राहिली, तिच्यातून गवत वर आलं, आणि दुपारी त्या खडीचा ताव भिंतीतून आत यायला लागला. तेव्हा झाडांची अट कटकट वाटली तरी ती आपल्याच भल्याची आहे.

अजून एक, डोंगराजवळ राहणाऱ्यांनी घराला चिकटून लाकडी मल्च टाकू नका. भिंतीपासून पहिली ५ फुटं ठिणगीने पेटणार नाहीत अशी ठेवायचा विषय २०२० च्या एबी ३०७४ कायद्यापासून चाललाय, आणि जानेवारी २०२५ च्या वणव्यांनंतर आमच्याकडे कोणाला तो समजावून सांगावा लागत नाही. तेवढ्या पट्टीत खडी ठीक.

रानजाई

बाप रे, एवढी माहिती! धन्यवाद सगळ्यांना. कुदळ परत गराजमध्ये ठेवायला सांगितलीय नवऱ्याला.

आता पुढचा पेच. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली सगळं काढा पण तो कोपरा ठेवा, मागच्या खेपेला गणपतीला मी तिथूनच दूर्वा काढल्या होत्या. मी म्हटलं आई ते लॉन आहे, दूर्वा नाहीत. तर म्हणे मला शिकवू नकोस. कोण बरोबर?

वनस्पती_बाई (फ्रीमॉन्ट)

आई बरोबर 🙂

मी निवृत्त शिक्षिका आहे, वनस्पतीशास्त्र शिकवायचे, त्यामुळे या विषयावर मला थांबवणं कठीण जातं, आधीच माफी. इकडे ज्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात ते *सायनोडॉन डॅक्टिलॉन*, म्हणजे आपली हरळी, म्हणजेच दूर्वा. तुमचं मूळ लॉन बहुधा फेस्क्यूचं असेल, बे एरियात तेच जास्त लावतात, आणि त्यात कडेने हरळी घुसलेली असते. आईंनी नेमका तो कोपरा ओळखला. तीन पात्यांची कोवळी जुडी फेस्क्यूची होतच नाही, पातं रुंद आणि एकेकटं येतं, पाहा जाऊन.

आणि हा नुसता गमतीचा मुद्दा नाही बरं का. लॉन कसं मारायचं ते यावरच ठरतं.

फेस्क्यू झुबक्यांनी वाढतं, त्याला जमिनीखालून लांब धावणारी मुळं नसतात. ते मारायला पुठ्ठा पुरतो. गवत अगदी बुटकं कापायचं, पाणी घालून ओलं करायचं, वर खोक्यांचा पुठ्ठा, टेप आणि स्टेपल काढून, एकावर एक सहा इंच चढवून, फट राहता कामा नये. पुठ्ठाही भिजवायचा. वर कंपोस्टचा थर, वर लाकडाच्या ढलप्या तीन-चार इंच. काही महिन्यांत खालचं गवत कुजून माती होते, गांडुळं येतात, खणायला नको आणि काढलेलं गवत डंपमध्ये न्यायचं भाडं नको. फुटपाथच्या कडेला मात्र आधी थोडी माती काढून उतार करून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात ढलप्या रस्त्यावर.

हरळी पुठ्ठ्याला हसते. आपल्याकडे शेतकऱ्याला विचारा, हरळी लागलेलं रान साफ करायला पिढी जाते. तिला वरून फुटवे आणि खालून कांड्या, कांडीचा बोटभर तुकडा मातीत राहिला तरी परत. टिलर (माती उलटणारं यंत्र) चुकूनसुद्धा फिरवू नका, एकाचे शंभर तुकडे होतील आणि शंभर झाडं. तिच्यासाठी ऐन उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिक, कडा मातीत गाडून, सहा ते आठ आठवडे. सनीवेल-सॅन होजेत ऊन पुरतं, किनाऱ्यालगत धुकं असतं तिथे हा उपाय तितकासा चालत नाही. नाहीतर खुरपं घेऊन खणून कांड्या वेचणे. मी खणते. पण हे सगळं मंजुरी आल्यावर, वर मातीचे_पाय यांनी सांगितलंय तसं.

आणि आईंसाठी त्यातल्या दोन कांड्या कुंडीत. कुंडीत. जमिनीत नाही. कुंडी पण सिमेंटवर ठेवा, मातीवर ठेवली तर खालच्या भोकातून उतरते.

ढेकूळ

बाई एक नंबर. आमच्या आज्याचं म्हणणं होतं की हरळीचं रान विकत घेऊ नये आणि फुकट मिळालं तरी विचार करावा.

निवांत_बाल्या

बरं मला एक सांगा, रिबेट गेलं खड्ड्यात, प्लास्टिकच्या गवताला काय वाईट आहे? माझ्याकडे आहे, मी खूश आहे. तुम्ही लोक पुठ्ठे गोळा करा, कांड्या वेचा, मी झोपतो.

एलएचा_बंड्या

जुलैत दुपारी दोनला त्यावर अनवाणी चालून दाखव, व्हिडिओ टाक.

निवांत_बाल्या

मी दुपारी दोनला झोपलेला असतो, लिहिलंय वर.

मातीचे_पाय

बाल्या तुझं तुझ्यापाशी. उष्णता आहेच, शिवाय खालची माती मरते, कुत्रा असेल तर वासासाठी ते पाण्याने धुवावं लागतं म्हणजे पाणी परत आलंच, आणि काही वर्षांनी गुंडाळून कचऱ्यात. २०२३ च्या एसबी ६७६ या राज्याच्या कायद्यानंतर शहरांना त्यावर बंदी घालायची मुभा पण मिळालीय. पण ज्याची-त्याची मर्जी.

वाळवंटी (हेंडरसन, नेवाडा)

वेगसवाल्यांतर्फे हजेरी.

आमच्याकडे हा प्रकार खूप जुना आहे. नवीन घरांना समोर लॉन लावायलाच २००३ च्या दुष्काळापासून बंदी आहे, जुन्या घरांना सदर्न नेवाडा वॉटर ऑथॉरिटी काढायचे पैसे देते. बरीच वर्षं ३ डॉलर होते, आता घरगुतीला ५ केलेत, पहिल्या १०,००० स्क्वेअर फुटांपर्यंत. त्यांचा हिशोब साधा आहे, एक स्क्वेअर फूट गवत गेलं की वर्षाला ५५ गॅलन पाणी वाचतं. रानजाईंच्या ९०० ला तो आकडा लावला (आमचं ऊन धरून) तर वर्षाला ४९,५०० गॅलन. आणि आमच्या घरात बेसिनमधून वाहून जाणारं पाणी साफ करून परत लेक मीडमध्ये (आमचा धरणाचा जलाशय) सोडतात, त्यामुळे आंघोळ कितीही वेळ करा, बागेत घातलेलं पाणी मात्र उडून जातं ते गेलंच. म्हणून सगळा रोख गवतावर.

२०२१ मध्ये एबी ३५६ म्हणून कायदा झाला, १ जानेवारी २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी नुसत्या शोभेच्या गवताला घालता येणार नाही. दुकानं, ऑफिसं, एचओएच्या (घरमालकांच्या सोसायटीच्या) मोकळ्या जागा, रस्त्यांचे मधले पट्टे. स्वतंत्र घरांना तो लागू नाही.

आता काळजी कशाची ते सांगतो, रिबेटच्या पत्रकात हे बारीक अक्षरात असतं. लॉनमध्ये जुनं झाड असेल तर सांभाळा. ते झाड इतकी वर्षं गवताच्या स्प्रिंकलरवर जगत होतं. स्प्रिंकलर बंद केले, खोडापाशी एक ड्रिपर लावला, की दोन-तीन उन्हाळ्यांत शेंडे वाळायला लागतात आणि मग लोक म्हणतात अचानक मेलं. अचानक नाही मेलं. त्याची पाणी पिणारी मुळं खोडापाशी नसतात, फांद्या जिथवर पसरल्यात तिथे असतात. तिथे गोल नळी फिरवा, आणि क्वचित पण खोलवर पाणी. आमच्या भागात गवत काढताना कितीतरी मोठी झाडं अशी गेली, आणि ४५ डिग्रीत सावली गेल्यावर वीज बिलातून बदला घेतला जातो.

रानजाई

आमच्याकडे लॉनच्या मधोमध चायनीज पिस्ताशचं मोठं झाड आहे! हे कोणीच सांगितलं नसतं, कोटेशनवाल्याने तर नाहीच.

मातीचे_पाय, निम्मी जागा झाकायचं गणित नेमकं कसं करतात? फॉर्मवर झाडांची संख्या आणि "पूर्ण वाढीचा विस्तार" असं विचारतायत. मी नर्सरीत गेले तर तिथे सगळी झाडं तळहाताएवढी.

मातीचे_पाय

तिथेच सगळे फसतात. नर्सरीतलं झाड बघायचं नाही, लेबलवरचा पसारा बघायचा.

तुमचे ९०० म्हणजे झाकायचे ४५०. प्रत्येक झाड म्हणजे एक गोल धरायचा. ६ फूट पसरणारं झाड म्हणजे ३ चा वर्ग गुणिले पाय (गणितातला, ३.१४), साधारण २८ स्क्वेअर फूट. ५ फुटांचं साडेएकोणीस. ४ फुटांचं साडेबारा. म्हणजे ६ फुटांची सहा झाडं (१६८), ५ फुटांची आठ (१५७) आणि ४ फुटांची दहा (१२५) घेतलीत की ४५० झाले. चोवीस झाडं, संपलं. लोक रिकामं दिसतं म्हणून साठ झाडं कोंबतात आणि तीन वर्षांनी अर्धी उपटतात. पहिलं वर्ष ओसाड दिसणारच, शेजाऱ्यांचे कटाक्ष सहन करायची तयारी ठेवा.

माझ्याकडे जगलेली: क्लीव्हलँड सेज (संध्याकाळी नळी घेऊन जवळून गेलं तरी वास), डीअर ग्रास, कॅलिफोर्निया फ्युशिया, बकव्हीट, यॅरो. सियानोथस दोन लावले, वसंतात असा निळा येतो की गाड्या हळू होतात. मॅन्झनिटा लावायचा असेल तर आपल्या या चिकट काळ्या मातीत सपाटीवर लावू नका, मातीचा उंचवटा करून त्यावर लावा, आणि एकदा जम बसला की उन्हाळ्यात पाणी घालायचा मोह आवरा, तो तहानेने कमी आणि लाडाने जास्त मरतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा. पाऊस मुळं धरून देतो. म्हणून अर्ज उन्हाळ्यात टाकला की मुदत आणि मोसम जुळतात. जूनमध्ये लावलेलं झाड जगवायला तुम्ही लॉनएवढंच पाणी घालाल. आणि "दुष्काळात टिकणारं" म्हणजे पहिल्या दिवसापासून नव्हे, पहिले एक-दोन उन्हाळे त्याला पाणी लागतंच.

रानजाई

जास्वंद? मोगरा? कढीपत्ता? 🙏

वनस्पती_बाई

जास्वंद आणि मोगरा दोघांना पाणी बऱ्यापैकी लागतं, कमी पाण्याच्या यादीत शोधत बसू नका. जिथे रिबेट घेत नाही त्या जागी, म्हणजे मागच्या अंगणात किंवा दाराशी कुंडीत लावा आणि मनसोक्त पाणी घाला, कोणी अडवत नाही. डाळिंब मात्र या हवेत उत्तम येतं, एकदा रुजलं की फार मागत नाही. एखादं झाड कमी पाण्याचं की मध्यम हे बघायला यूसी डेव्हिसची वुकॉल्स म्हणून यादी आहे, आपल्या भागाप्रमाणे शोधता येतं, रिबेटवाले पण तिचाच आधार घेतात.

कढीपत्त्याचा धागा वेगळा आहे, तिथे भेटू.

ढेकूळ

ठिबकचं एक राहिलं. चिकट जमिनीत कमी डिस्चार्जचे ड्रिपर घ्या, पाणी हळू सोडा, नाहीतर वरून वाहून जातं. फिल्टर आणि प्रेशर रेग्युलेटर दोन्ही बसवा, स्प्रिंकलरच्या प्रेशरला ठिबक लावली की जोड निसटतात. आणि लॅटरल (झाडांपाशी जाणाऱ्या बारीक नळ्या) मल्चच्या खाली, मातीच्या वर. शेवटचं टोक असं ठेवा की वर्षातून एक-दोनदा उघडून धुता येईल. ढलप्यांखाली नळी फुटली तर कळत नाही, एक झाड सुकलं आणि शेजारी चिखल असला तर समजायचं.

मातीचे_पाय

+१. जुन्या स्प्रिंकलरच्या लाईनवर एका डोक्याच्या जागी कन्व्हर्जन किट बसतं, फिल्टर-रेग्युलेटर त्यातच असतो, बाकी डोक्यांना टोपण. व्हॉल्व्ह बदलायची गरज पडली नाही. टायमर मात्र परत सेट करा! स्प्रिंकलर मिनिटांत काम करतो, ड्रिपला तास लागतो पण आठवड्यातून एखाद्या वेळी. लोक जुनाच प्रोग्रॅम ठेवतात, रोज आठ मिनिटं, आणि मग झाडं मरतात म्हणून ओरडतात.

आकडेमोड (प्लेझंटन)

कराचं कोणी बोललं नाही म्हणून येतोय. फेडरल हिशोबात हे रिबेट उत्पन्न धरतात. अर्जाबरोबर डब्ल्यू-९ (करदात्याच्या माहितीचा फॉर्म) भरून घेतात तो त्याचसाठी. २०२५ पर्यंत वर्षाला ६०० डॉलरच्या वर गेलं की १०९९ (मिळालेल्या पैशांची नोंद देणारा कराचा फॉर्म) यायचा, २०२६ च्या पेमेंटपासून ती मर्यादा २,००० केलीय. पण फॉर्म आला नाही म्हणून उत्पन्न नाही असं नसतं. आपल्या सीपीएला (कर सल्लागाराला) विचारा, आणि दोघं नोकरीत असाल तर १,८०० मधले हातात किती राहतात ते धरूनच बजेट करा.

गुपचूप_वाचक (सॅन रमोन)

पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या एचओएने पत्र पाठवलंय की समोर हिरवळ राखणं बंधनकारक आहे. मग रिबेटचा विचारच सोडायचा का?

मातीचे_पाय

सोडू नका. कॅलिफोर्निया सिव्हिल कोडचं कलम ४७३५ बघा. कमी पाण्याच्या झाडांवर सरसकट बंदी घालणारा किंवा लॉनच्या जागी ती लावू न देणारा एचओएचा नियम कायद्याने टिकत नाही. त्यांना डिझाइन दाखवा, मंजुरीचा अर्ज करा, मल्चचा रंग आणि झाडांची उंची यावर ते बोलू शकतात, "गवतच हवं" हे नाही म्हणू शकत. पत्राला उत्तर लेखी द्या, कलमाच्या नंबरासकट. आणि हळूच सांगा की एबी १५७२ या राज्याच्या कायद्याप्रमाणे २०२९ पासून एचओएच्या सामायिक जागांतल्या शोभेच्या गवताला पिण्याचं पाणी घालता येणार नाहीये, तेव्हा त्यांनाही हीच झाडं शोधावी लागणार आहेत.

गुपचूप_वाचक

हे सोनं आहे. आभार.

पेठी_पुणेकर

मी हा धागा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सेक्रेटरींनी विचारलंय "यात आपल्याला पैसे मिळणार आहेत का". नाही म्हटल्यावर पुढे काही नाही.

रानजाई

अपडेट!! इन्स्पेक्शन झालं, माप ८६० भरलं (पिस्ताशखालचा गोल वजा 😅), आणि काल मंजुरी आली. डिझाइन मीच केलं, चौकटीच्या कागदावर गोल काढून. पिस्ताशभोवती नळीचं कडं वेगळ्या व्हॉल्व्हवर घेतोय, ते एकच काम इरिगेशनवाल्याला दिलंय, बाकी घरचेच मजूर. हरळीचा कोपरा बाबा खणणार म्हणाले, त्यांना जेटलॅगमध्ये तेवढाच उद्योग. आईने कुंडी आधीच निवडलीय.

आता अडलंय ते पुठ्ठ्यावर. हिशोब केला तर फार मोठी खोकी लागतायत आणि ऑनलाइन खरेदीच्या डब्यांनी काही होत नाही, फटीच फार. आसपास कोणी घर बदललंय का, किंवा मोठं सामान आलंय का? येऊन घेऊन जाईन.

निवांत_बाल्या

माझ्याकडे फ्रिजचं एक आणि सोफ्याची दोन पडलीयत, बायको रोज ओरडतेय. पण मी आणून देणार नाही, सांगून ठेवतो.

एलएचा_बंड्या

सायकलच्या दुकानात विचारा, रिकामी खोकी फेकायलाच असतात त्यांच्याकडे. आणि रंगीत चकचकीत छापलेली नको, साधी तपकिरी बघा.

रानजाई

@बाल्या शनिवारी सकाळी येते. दोनच्या आधी 😄